काडतुसाला चरबी का लावत होते? शिशाची गोळी, बंदुकीची नळी आणि गरम पाण्याची गोष्ट

शाळेतला १८५७चा धडा आठवतोय? लॉर्ड डलहौसी, खालसा झालेली संस्थानं, मंगल पांडे आणि ते एक वाक्य, जे परीक्षेत हमखास यायचं : ‘नव्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली असते, अशी बातमी शिपायांमध्ये पसरली.’ आपण ते पाठ केलं, दोन मार्क मिळवले आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

पण एक प्रश्न बहुतेकांच्या मनात कधी आलाच नाही. मुळात काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? बंदुकीच्या गोळीला तेलतुपाची काय गरज?

या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की बंदुकीच्या नळीत शिरावं लागतं. तिथे तीन गोष्टी भेटतात : मऊ शिसं, नळीतल्या वळणदार खाचा आणि दारूची चिवट काजळी. या तिघांचं भांडण मिटवण्यासाठी चरबी होती. तेच भांडण मिटवायला पुढे गरम पाणी, पितळी ब्रश आणि चिंधी आली. हे भांडण आजही पूर्ण मिटलेलं नाही. तुमच्या मुलीने शूटिंगच्या क्लासला नाव घातलं असेल किंवा मुलगा एनसीसीत असेल, तर ही गोष्ट तुमच्या घरापर्यंतही पोहोचते.

गोळीसाठी शिसंच का?

लोखंड मुबलक होतं, दगड फुकट होते. तरी शेकडो वर्षं बंदुकीची गोळी शिशाचीच राहिली. त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण वजन. एक घनसेंटिमीटर लोखंडाचं वजन साधारण ७.९ ग्रॅम भरतं, तर तेवढ्याच शिशाचं ११.३ ग्रॅम. आकार लहान आणि वजन जास्त असेल, तर हवेत वेग टिकून राहतो.

दुसरं कारण वितळणं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. लोखंडाला त्यासाठी १५०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे लोखंडाला भट्टी हवी, शिशाला साधा विस्तव पुरतो. छावणीत शेकोटीवर पळी ठेवून, शिसं पातळ करून, साच्यात ओतून शिपाई स्वतःच गोळ्या पाडू शकत असे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण मऊपणा. शुद्ध शिशावर नखानेही ओरखडा उमटतो. ते नळीच्या लोखंडाला इजा करत नाही, उलट दाब पडला की स्वतःच नळीचा आकार घेतं. हा गुण फार कामाचा आहे. पण मऊपणाची किंमतही मोजावी लागते. घासलं जाताना शिसं थोडं थोडं नळीला चिकटत जातं.

गुळगुळीत नळी आणि आटेदार नळी

आता थोडं बंदुकीच्या पोटात डोकावू. जुन्या ठासणीच्या बंदुकीत सगळा माल तोंडाकडून भरायचा. आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासणं. ‘फुसका बार’ हा शब्द आपण आज राजकारण्यांच्या भाषणांसाठी वापरतो, पण तो या भरण्या-ठासण्याच्या जगातला आहे.

ब्रिटिश आणि कंपनीच्या फौजा दीर्घकाळ ‘ब्राउन बेस’ नावाची मस्केट वापरत. तिची नळी आतून गुळगुळीत होती. नळीचं तोंड सुमारे १९ मिलिमीटर आणि गोळी सुमारे साडेसतरा. गोळी सैल असल्यामुळे भरायला सोपी जायची आणि सराईत शिपाई मिनिटाला तीनेक बार काढायचा. पण तीच सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडायची आणि कुठे जाईल याचा भरवसा नसायचा. शंभर यार्डांपलीकडच्या एका माणसावर नेम धरणं म्हणजे नशिबाचा खेळ.

रायफल इथे वेगळी ठरते. तिच्या नळीत आतल्या बाजूला वळत जाणाऱ्या खाचा असतात. गोळी या आट्यांमधून जाताना स्वतःभोवती फिरू लागते. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो आणि थांबला की कलंडतो, तसंच हे आहे. फिरणारी गोळी आपली दिशा सोडत नाही.

युरोपात ही युक्ती सोळाव्या शतकापर्यंत माहीत झाली होती. तरी साध्या सैनिकाच्या हाती रायफल यायला आणखी तीनेकशे वर्षं लागली, कारण गोळी फिरायची तर ती आट्यांमध्ये घट्ट बसायला हवी. घट्ट गोळी तोंडाकडून आत ढकलणं हा मोठाच व्याप. कधी तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ढकला, कधी लाकडी हातोडीने ठोका. शिकाऱ्याला सवड असते, लढाईतल्या शिपायाला नसते.

म्हणजे हवं काय होतं? भरताना सैल आणि उडताना घट्ट अशी गोळी.

फुगणारी गोळी

या कोड्याच्या उत्तराचा एक धागा थेट भारतात येतो. कॅप्टन जॉन नॉर्टन हा ब्रिटिश अधिकारी दक्षिण भारतात नेमणुकीवर होता. तिथले लोक फुंकनळीने बाण मारत. बाणाच्या मागच्या टोकाला मऊ गाभा बसवलेला असे. फुंकर मारली की तो फुगून नळीला चिकटे आणि हवा वाया जात नसे. हे पाहून नॉर्टनला मागून पोकळ असलेल्या गोळीची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. त्याची कल्पना तेव्हा स्वीकारली गेली नाही. पुढे १८४०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए याने तशीच शंकूच्या आकाराची, मागून पोकळ गोळी यशस्वी करून दाखवली.

तिचं काम असं चालायचं. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, त्यामुळे ती सहज आत सरकते. दारू पेटली की वायूचा दाब मागच्या पोकळीत शिरतो, मऊ शिसं फुगतं आणि आट्यांमध्ये घट्ट बसतं. गोळी फिरत बाहेर पडते. शिशाचा मऊपणा इथे खऱ्या अर्थाने कामी आला.

ब्रिटिशांनी १८५३ साली स्वीकारलेली एन्फिल्ड रायफल याच तत्त्वावर चाले. नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८ इंच. फरक अवघा पाव मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा या पाव मिलिमीटरमध्ये घडते.

काजळी नावाचा शत्रू

त्या काळची बंदुकीची दारू म्हणजे काळी दारू. तिच्यात साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असे. ती पेटली की सगळी वायू होऊन निघून जात नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन रूपात शिल्लक राहतो. त्यातला काही पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला नळीला आतून लिंपतो.

दहा-पंधरा बार झाले की हा थर वाढत जातो. हवा कोरडी आणि कडक उन्हाची असेल तर तो वाळून टणक होतो. आता तो पाव मिलिमीटर आठवा. थर चढला की जागा संपली. गोळी अर्ध्या वाटेत अडकते, गज आपटावा लागतो आणि समोर शत्रू उभा असतो. भरीस भर म्हणून, कोरड्या खरखरीत नळीतून जाताना मऊ शिसं खरवडलं जातं आणि आट्यांमध्ये बसतं. मग नेमही गेला.

यावर उपाय होता वंगण. गोळीभोवतीच्या कागदाला चरबी आणि मेणाचं मिश्रण लावलेलं असलं, की दर वेळी गोळी आत जाताना काजळीचा थर मऊ पडतो आणि बाहेर पडताना शिसं नळीला चिकटत नाही. प्रत्येक बारासोबत नळीची थोडी सफाई होते. काडतुसाला चरबी लावायचं कारण एवढंच होतं. जुन्या ब्राउन बेसच्या सैल गोळीला तिची गरज पडली नव्हती. नव्या रायफलला पडली.

पाव मिलिमीटर आणि एक विश्वास

काडतूस म्हणजे तेव्हा कागदाची एक पुरचुंडी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. कवायतीचा नियम असा, की दारूच्या बाजूचं टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटं करून गोळीचं टोक आत घालायचं आणि वरचा कागद फाडून गजाने ठासायचं. वंगण गोळीच्या टोकाला असे. पण काडतूस एकच, हात तेच, आणि तोंडाला लागायचा तो कागदही तोच.

१८५७च्या जानेवारीत कोलकात्याजवळच्या दमदम इथे शिपायांना नव्या रायफलीचं शिक्षण सुरू झालं होतं. तिथेच चरबीची बातमी फुटली. वंगणात नेमकी कोणत्या प्राण्याची चरबी वापरायची नाही, याची खबरदारी वरिष्ठांनी घेतली नव्हती. हिंदू शिपायासाठी गाय आणि मुसलमान शिपायासाठी डुक्कर, दोघांच्याही धर्मावर एकाच पुरचुंडीने घाला घातल्यासारखं झालं.

इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. उपाय सोपा होता आणि तो सुचलाही होता. नळीला गाय, डुक्कर यांचं काही पडलेलं नसतं. मेण आणि तूप किंवा तेल यांनीही काम भागतं. जानेवारी संपण्याच्या आत आदेश निघाला, की काडतुसं वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. पुढे दातांऐवजी हाताने कागद फाडण्याचीही मुभा मिळाली.

पण तोवर उशीर झाला होता. ‘आता बदलताय, म्हणजे आधी काहीतरी होतंच ना?’ असा उलटा अर्थ निघाला. फेब्रुवारीत बहरामपूरच्या पलटणीने कागदाच्या चकाकीवरच शंका घेतली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं आणि ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. २४ एप्रिलला मेरठच्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसं तर जुन्याच पद्धतीची होती. त्यांना शिक्षा झाली, बेड्या पडल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटलं.

उठावाची कारणं अर्थात अनेक होती. १८५६मध्ये अवध खालसा झालं, समुद्रापार जाण्याची सक्ती आली, पगार, बढत्या आणि जमिनी यांबद्दलची खदखद होतीच. काडतूस ही ठिणगी. पण काडतुसाची गोष्ट किती लांब पोहोचली होती, याचा पुरावा आपल्या मराठीतच आहे. रायगडच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. महूजवळ भेटलेल्या शिपायांकडून त्यांना येणाऱ्या वादळाची खबर मिळाली. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात काडतुसांची हकिगतही येते.

आणि तंत्राचं काय झालं? त्या उन्हाळ्यात लढताना ब्रिटिशांनाही कळलं, की भारताच्या उन्हात काजळी फार टणक होते आणि एन्फिल्ड भरणं जड जातं. पुढे गोळीचा व्यास ०.५५ इंचांपर्यंत कमी केला गेला आणि वंगणात मेणाचं प्रमाण वाढलं. ज्या पाव मिलिमीटरपायी चरबीची एवढी गरज पडली, ती जागाच त्यांनी वाढवून टाकली.

सफाई : सगळ्यात मोठं औषध गरम पाणी

लोखंडी नळीत पाणी ओतायचं, हे ऐकूनच आपल्याला कसंसं होतं. लोखंड गंजेल ना? पण काळ्या दारूच्या बाबतीत उलट आहे. पाणी घातलं नाही तर ते गंजतं.

कारण काजळीत क्षार असतात. ते हवेतली ओल शोषून घेतात. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं. नळीत ही ओलसर क्षारांची लेप रात्रभर राहिली, तर सकाळी तांबूस गंज दिसायला लागतो. नुसतं तेल चोळून भागत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. तेल लावलं तर क्षार तेलाखाली झाकले जातात, एवढंच.

म्हणून ठासणीच्या रायफलींच्या सफाईचा क्रम दीडशे वर्षांत फारसा बदललेला नाही. परदेशात आजही काळ्या दारूच्या बंदुकांच्या नेमबाजी स्पर्धा होतात आणि तिथले नेमबाज साधारण हेच करतात :

• शक्यतो त्याच दिवशी, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मगच सफाई.
• नळीतून गरम पाणी, गरज असेल तर थोडा साबण. काळं पाणी येणं थांबेपर्यंत.
• पाणी कढत असलं की धातू तापतो आणि उरलेली ओल आपोआप सुकते.
• मग कोरड्या चिंध्या, त्या पांढऱ्या बाहेर येईपर्यंत.
• शेवटी तेलाचा पातळ हात. पुन्हा बार भरण्याआधी हे तेल पुसून काढायचं.

चिकटलेलं शिसं मात्र पाण्याने निघत नाही. त्याला पितळेचा किंवा काशाचा ब्रश लागतो. पोलादाचा नाही, कारण नळीपेक्षा मऊ धातूच आट्यांना न दुखवता शिसं खरवडतो. ज्या बंदुकीत शक्य असेल तिथे सफाई मागून पुढे करतात. नळीच्या तोंडाची कड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा. ती गजाने झिजली तर नेम बिघडतो. गंमत म्हणजे कित्येक जुन्या रायफली गोळ्यांपेक्षा चुकीच्या घासाघाशीनेच खराब झाल्या.

चिंधी आणि पुलथ्रू

१८८०च्या दशकात चित्र पालटलं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशावर तांब्याचं आवरण चढवलं, तर फ्रान्सच्या पॉल व्हिएने बिनधुराची दारू बनवली. वेग वाढला, काजळी घटली. उघडं शिसं त्या वेगात आट्यांमध्ये टिकलंच नसतं, त्यामुळे आवरण आवश्यक झालं. १८९०च्या दशकात दमदमच्याच कारखान्यात टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. शरीरात गेल्यावर ती पसरून भयंकर जखम करायची. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धात बंदी आली. ‘दमदम बुलेट’ हे नाव मात्र जगभर राहिलं.

पण गरम पाणी लगेच सुटलं नाही. आपल्या पोलिसांच्या हाती कित्येक दशकं असलेली .३०३ रायफल बिनधुराची दारू वापरायची, तरी तिच्या काडतुसाच्या टोपीतल्या रसायनामुळे मिठासारखाच क्षार नळीत उरायचा. त्यामुळे तिलाही उकळतं पाणी पाजण्याची पद्धत होती. तिच्या दस्त्यात एक छोटी जागा असे, तिथे तेलाची कुपी आणि पुलथ्रू ठेवलेला असे. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला फासे असलेली दोरी. वजन नळीत सोडायचं, फाशात चिंधी अडकवायची आणि एका दमात ओढायची.

एनसीसी केलेल्या कुणालाही विचारा. ‘चार बाय दोनची चिंधी’ म्हटलं की ते हसतील. चार इंच लांब, दोन इंच रुंद कापड. ते जाड झालं तर नळीत अडकतं, लहान झालं तर मळ तसाच राहतो. फायरिंगचा आनंद पाच मिनिटांचा आणि रायफलसफाई तासभर, हा धडा पुस्तकात नसतो, पण प्रत्येक कॅडेट तो शिकतो.

शिशाची गोळी आजही पदक आणते

तुम्हाला वाटेल, शिशाची उघडी गोळी आता संग्रहालयात गेली असेल. तसं नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. या प्रकारांत वापरली जाते ती .२२ रायफल. तिची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, शिशाची, तांब्याचं आवरण नसलेली. आणि तिच्यावर काय असतं? मेणाचं किंवा तत्सम वंगणाचं पातळ आवरण. १८५७च्या काडतुसाची ही शांत स्वभावाची नात म्हणा ना.

या गोळीचा वेग आवाजापेक्षा थोडा कमी ठेवतात, त्यामुळे मऊ शिसं टिकतं. नळी साफ केल्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्या किंचित वेगळ्या जातात. आत पुन्हा वंगणाचा एकसारखा थर बसला, की गोळ्या एकाच जागी पडू लागतात. म्हणून स्पर्धेच्या आधी नेमबाज काही गोळ्या ‘नळी बसवायला’ खर्च करतात. अति स्वच्छताही नेमाला मानवत नाही.

१० मीटर एअर रायफलमध्ये दारूच नसते. तिथे ४.५ मिलिमीटरचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो. काजळी नाही, गरम पाणी नाही. नमद्याची छोटी गोळी नळीतून ढकलली की सफाई झाली. पण छर्रा बहुतेक वेळा शिशाचाच असतो, आणि इथून आपण घराच्या दाराशी येतो.

शिसं हात सोडत नाही

शिसं विषारी आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करतं आणि शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. म्हणूनच भारतात २००० सालापासून पेट्रोलमधून शिसं हद्दपार झालं. अमेरिकेत शिशाच्या गोळ्यांनी मारलेल्या जनावरांचे अवशेष खाऊन दुर्मीळ कॅलिफोर्निया कॉन्डोर गिधाडं मरत होती. त्यामुळे कॅलिफोर्नियाने जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली.

घाबरून मुलांचा क्लास बंद करायची गरज नाही. सवयी मात्र लावा :

• छर्रे कधीही तोंडात धरायचे नाहीत, क्षणभरही नाही.
• रेंजवर खाणं नाही, पाण्याची बाटलीही झाकणबंद.
• सराव किंवा सफाई झाल्यावर साबणाने हात आणि तोंड धुवायचं, मगच डबा उघडायचा.
• सरावाचे कपडे घरी येताच बदलायचे आणि वेगळे धुवायचे. रांगत्या बाळाला त्या कपड्यांनिशी उचलायचं नाही.
• बंदिस्त रेंजमध्ये हवा खेळती आहे का, हे पालकांनी पाहायचं. जमिनीवरची धूळ कोरडी झाडण्यापेक्षा ओली पुसलेली बरी.
• सफाईच्या चिंध्या स्वयंपाकघराच्या आसपास नकोत आणि पुन्हा वापरायलाही नकोत.

घरात जुनी बंदूक असेल तर

आपल्याकडे बंदूक हे नुसतं हत्यार नसतं. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा समाज सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोढ साजरा करतो. बंदुका स्वच्छ करून, फुलं वाहून त्यांची पूजा होते आणि झाडावर टांगलेल्या नारळावर नेम धरायच्या स्पर्धा रंगतात. या समाजाला बंदुकीच्या परवान्यातून खास सूट आहे. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. कोकणात रानडुकरांपासून शेती राखायला परवान्याची ठासणीची बंदूक ठेवणारी घरं आहेत आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची धावपळही आहे.

पण माळ्यावर, पेटीत किंवा गावच्या बंद घरात आजोबांची बंदूक अचानक सापडली, तर उत्साहाच्या भरात सफाईला बसू नका. ठासणीची बंदूक बाहेरून पाहून भरलेली आहे की रिकामी ते कळत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. तिच्यात गज घालून खुडबूड करू नका, घोडा ओढून पाहू नका, फोटोसाठी मुलांच्या हातात देऊ नका. नळीचं तोंड माणसांपासून दूर राहील अशी ती जागच्या जागी ठेवा, खोली बंद करा आणि स्थानिक पोलीस ठाण्याला कळवा. परवाना होता का, वारसाच्या नावावर होऊ शकतो का, की ती जमा करावी लागेल, हे तिथे समजेल. परवान्याशिवाय बंदूक घरात ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो, ‘आठवण म्हणून ठेवली होती’ हे उत्तर चालत नाही.

परवाना तुमच्याकडेच असेल, तर ही सगळी चर्चा एका ओळीत मावते. वापरली त्याच दिवशी साफ करा, कोरडी करा, हलकं तेल लावा, बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा, आणि सफाईनंतर हात धुवा.

आणि पुढच्या वेळी घरात कुणी १८५७चा धडा मोठ्याने वाचत असेल, तर त्याला थांबवून एवढंच विचारा : ‘पण काडतुसाला चरबी का लावत होते रे?’ उत्तर आता तुमच्याकडे आहे. ते सांगताना पाव मिलिमीटरची जागा बोटांनी दाखवायचा प्रयत्न करून बघा. दाखवता येत नाही इतकी ती लहान आहे.